शाळेचे अंतर कोणी चालायचे?

पुण्यातल्या मुलींच्या जुन्या शाळांचे पत्ते ओळीने मांडले, की एकोणिसाव्या शतकातल्या वादांचा नकाशा समोर येतो. बुधवार पेठेतला भिडेवाडा, रास्ता पेठ, वेताळ पेठ, हुजूरपागा. आणि मग शहर सोडून केडगाव, हिंगणे. मुलींनी शिकावे की नाही, यावर तेव्हा जे लिहिले-बोलले गेले त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. शाळा भरवायची कुठे, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. वास्तविक विरोधाची पहिली झळ जागेलाच लागते. शिक्षक हट्टी असू शकतो, पालक चोरून मुलगी पाठवू शकतो. पण जागेच्या मालकाला त्याच पेठेत, त्याच जातभाईंमध्ये राहायचे असते. त्याला गाठले की काम होते.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 साली मुलींची शाळा काढली ती भिड्यांच्या वाड्यात, सनातनी वस्तीच्या अगदी मधोमध. पुढच्याच वर्षी जोतीरावांचे वडील गोविंदराव यांनी समाजाच्या दडपणाखाली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. म्हणजे शाळेला जागा देणारा मिळाला होता, आणि शाळा चालवणाऱ्यांचे राहते घर गेले. तरीही 3 जुलै 1851 रोजी बुधवार पेठेत अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात, 17 सप्टेंबरला रास्ता पेठेत आणि 15 मार्च 1852 रोजी वेताळ पेठेत अशा मुलींच्या शाळा उघडल्या. नऊ महिन्यांच्या आत तीन ठिकाणे. शिकणाऱ्या मुली लहान; त्यांना लांब पाठवणार कोण? शाळेनेच पेठेत जायचे, हा फुल्यांचा मार्ग. त्याची किंमत सावित्रीबाईंनी रस्त्यावर मोजली. अंगावर शेण-चिखल झेलत त्या शाळेत जात, ही आठवण महाराष्ट्राने जपली आहे. वाड्याचा दरवाजा ओलांडला की शाळा सुरू होई. विरोध उभा असे तो वाटेवर.

प्राथमिक शाळेचे असे. माध्यमिक शाळेचा पेच आणखी अवघड. अकरा-बारा वर्षांची मुलगी तेव्हा बहुधा लग्न झालेली किंवा लग्नाला आलेली. ती रोज भर रस्त्याने शाळेत जाणार, ही कल्पनाच अनेकांना सोसत नव्हती. 1884 साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक, शंकर पांडुरंग पंडित या मंडळींनी मुलींचे हायस्कूल काढले आणि ते पेशव्यांच्या हुजूरपागेच्या जागेत स्थिरावले. जिथे घोडी बांधली जात, तिथे मुली इंग्रजी शिकू लागल्या. संस्थापक वजनदार, सरकारचा पाठिंबा, त्यामुळे जागेवरून हुसकणे कोणाच्या हाती नव्हते. मग टीकेने दुसरा रस्ता धरला. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी अभ्यासक्रमावर आणि शाळेच्या वेळेवर हल्ला चढवला: दिवसभर मुलगी शाळेत राहिली तर घरकाम कधी शिकणार? जागेला हात लावता आला नाही, म्हणून तास मोजले गेले.

पंडिता रमाबाईंचा अनुभव याहून कडवट. विधवांसाठी त्यांनी काढलेले शारदा सदन 1889 साली मुंबईत सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आले. 1893 मध्ये धर्मांतराच्या संशयावरून गदारोळ उठला, सल्लागार मंडळातून रानडे-भांडारकर बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पुढे रमाबाईंनी केडगावला रेल्वेमार्गालगत स्वतःची जमीन घेतली. दुष्काळात आणलेल्या मुलींना प्लेगच्या दिवसांत पुण्यात ठेवता येईना, तेव्हा तीच जमीन कामी आली. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरून निघून जा, असे कोणी सांगू शकत नव्हते.

हे सारे धोंडो केशव कर्वे जवळून पाहत होते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या या विधुराने 1893 मध्ये गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई विधवा होत्या आणि शारदा सदनातच शिकलेल्या. या लग्नापायी कर्व्यांना त्यांच्या गावी, मुरुडला, वाळीत टाकण्यात आले. 1896 साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. विधवांच्या शिक्षणाचे काम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळे ठेवायचे, असे त्यांनी ठरवले, कारण शारदा सदनानंतर आश्रम या गोष्टीवरचा पुण्याचा विश्वास उडाला होता. आश्रमाच्या आडून मुलींची लग्ने लावतात, असा बोभाटा झाला असता तर कोणत्या बापाने आपली बालविधवा लेक तिथे ठेवली असती?

आश्रम आधी शहरातच चालला. पण एकीकडे प्लेग, दुसरीकडे शेजाऱ्यांची नापसंती. अशात रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथे सहा एकर जमीन आणि बांधकामाला साडेसातशे रुपये दिले. 1900 साली झोपडी उभी राहिली आणि आश्रम तिकडे गेला. पुण्यापासून सुमारे चार मैल. मध्ये शेते, माळ आणि पावसाळ्यात चिखल. शहराला त्रास नको आणि शहराचा त्रास नको, अशी ही जागा.

लांब जागा घेतल्याने विरोध थंडावतो खरा, पण अंतर उरतेच. ते कोणाच्या तरी पायांना पडते. हिंगण्यात ते कर्व्यांच्या पायांना पडले. कॉलेजातले तास आटोपले की आश्रमासाठी सामानसुमान घेऊन ते पायी निघत, मुलींना शिकवत, रात्र तिथेच काढत आणि सकाळी पुन्हा कॉलेजला येत. मुलींना रोज ये-जा नव्हती. शाळा आणि घर एकाच कुंपणात होते. हा निवासी घाट नसता, तर चार मैलांवरची ती जागा शिक्षणाला निरुपयोगी ठरली असती.

1907 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यालय काढले, ते मुख्यतः अविवाहित मुलींसाठी. इथे जागेचा प्रश्न पुन्हा उभा राहिला, पण या वेळी विरोध सनातन्यांपुरता नव्हता. आपली कुमारिका विधवांच्या सहवासात राहावी, हे सुधारकांच्या घरांतही पटत नव्हते. म्हणून विद्यालय आधी पुण्यातच वेगळे भरले आणि 1911 मध्ये हिंगण्याला हलले. विधवा आणि कुमारिका एका आवारात शिकू लागल्या, हा त्या माळरानावरचा मोठा सामाजिक बदल. 1916 साली महिला विद्यापीठाचा आरंभही तिथूनच झाला.

या दूरच्या जागेची एक वजाबाकीही आहे. हुजूरपागेतल्या मुली रोज पेठेतून जात-येत. त्यांना पाहता पाहता शहराची नजर सरावली. हिंगण्याच्या मुली शहराला दिसतच नव्हत्या. संस्था वाचली, पण पुण्याला आपला विरोध न बदलता निभावून नेता आला. कर्व्यांना हे कळत नसेल असे नाही. त्यांच्यापुढे निवड होती ती आज चालणारी शाळा आणि उद्या पटणारी शाळा यांच्यात, आणि विधवा मुलींकडे थांबायला वेळ नव्हता.

काळाने या जागांची गणिते उलटी केली. हिंगण्याचा माळ आज कर्वेनगर झाला आहे आणि शहर त्याला वेढून पुढे गेले आहे. भर पेठेतला भिडेवाडा मात्र दुकानांच्या आणि कज्जांच्या गुंत्यात पडीक होत गेला. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला वाद संपल्यावर 2023 च्या डिसेंबरमध्ये महापालिकेने ताबा घेऊन तो पाडला, स्मारक उभारण्यासाठी.

आजही नव्या माध्यमिक शाळेची जागा ठरते तेव्हा मुलींना शिकवू नका असे कोणी म्हणत नाही. भांडण असते ते गायरानाचे, रस्त्याचे, आमच्या वाडीत की तुमच्या वाडीत याचे. दोन वाड्यांत एकमत झाले नाही, की शाळा मधल्या माळावर जाते. वाद मिटतो आणि ठराव मंजूर होतो. 2009 च्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी, असे उद्दिष्ट ठेवले. चार मैल म्हणजे जवळपास साडेसहा किलोमीटर. कर्व्यांची शाळा या मापात बसली नसती. पण त्यांनी मुलींना चालायला लावले नव्हते. आज राज्यात मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मागास तालुक्यांत सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आहेत. दूरच्या शाळेचा भार मुलीवर पडतो, हे सरकारनेच मान्य केल्याची ही खूण. बस चुकली किंवा बंद पडली, की तो भार पुन्हा तिच्याच पायांवर येतो आणि आठवीनंतर नाव काढून घ्यायला घरच्यांना निमित्त मिळते.

म्हणून जागेच्या ठरावावर सह्या करणाऱ्यांनी एक ओळ आणखी लिहावी: हे अंतर रोज कोण पार करणार, आणि कशाने. वसतिगृह, बस की शिक्षकांची सायकल, काहीही चालेल. ही ओळ कोरी ठेवून मिळवलेल्या एकमताची किंमत, सभेला न बोलावलेल्या मुली मोजतात.