आजोबांची शिक्षा

इंदूरमध्ये मी रविवारी मराठीचा वर्ग घेते. होळकरांच्या काळापासून इथे मराठी कुटुंबे आहेत. पण वर्गातली बहुतेक मुले आठवडाभर हिंदीत शिकतात, हिंदीत खेळतात आणि घरी आजी-आजोबांपुरते मराठी बोलतात.

एका मुलीने निबंधात लिहिले, ‘माझ्या आजोबांची शिक्षा ग्वाल्हेरला झाली.’ मी ते मोठ्याने वाचले आणि हसले. वर्गही हसला. पुढचे तीन रविवार ती माझ्याशी फक्त हिंदीत बोलली. चूक तिची नव्हती. ‘शिक्ष्’ म्हणजे शिकणे या संस्कृत धातूपासून आलेला शब्द हिंदीत शिक्षणासाठी राहिला, मराठीत मात्र त्याचा दंड झाला. (आमच्या व्यवसायाबद्दल यातून काय समजायचे ते समजावे!) असे शब्द पुष्कळ आहेत. हिंदीत ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. तिकडे ‘संसार’ म्हणजे सारे जग, इकडे घर-प्रपंच. ‘यातायात’ तिकडे वाहतूक, इकडे दगदग. इंदूरच्या राजवाडा चौकात संध्याकाळी दोन्ही अर्थ एकदमच लागू पडतात.

शब्द पाठ करून घेता येतात. व्याकरणाचे तसे नाही. ‘दूध सांडला’, ‘पाणी आला’ ही वाक्ये मी दर रविवारी ऐकते. हिंदीत लिंगे दोनच. दूध, पाणी, घर तिथे पुल्लिंगी. आपले नपुंसकलिंग त्या मुलांच्या कानांना घराबाहेर कुठे भेटतच नाही. तसेच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचे. हिंदीच्या ‘हम’मध्ये ऐकणारा आहे की नाही, हे शब्दावरून कळत नाही. एक मुलगा म्हणाला, “बाई, उद्या आपण उज्जैनला जाणार.” मी विचारले, “मी किती वाजता तयार राहू?” तो गोंधळला, मग त्यालाच हसू आले. हे हसणे निराळे होते.

बडोद्याच्या मराठी मुलांना या दोन्ही ठिकाणी कमी अडखळावे लागते, कारण गुजरातीत नपुंसकलिंगही आहे आणि ‘अमे’ व ‘आपणे’ असा भेदही आहे. म्हणजे आमची मुले आळशी नाहीत. शेजारची भाषा वेगळी आहे, एवढेच.

त्या तीन रविवारांनंतर मी वाक्य मध्येच तोडणे सोडले. ‘दूध सांडला’ म्हटले की मी म्हणते, “सांडलं का? मग पुसून घे.” योग्य रूप कानावर पडते, बोलणेही चालू राहते. याला वेळ लागतो, आणि कधीकधी पालक विचारतात की बाई चुका का दाखवत नाहीत.

त्या मुलीची मी वर्गासमोर माफी मागितली. तिने पुढे तोच निबंध पुन्हा लिहून आणला: ‘आजोबांचे शिक्षण ग्वाल्हेरला झाले. शिक्षाही तिथेच झाली, कारण ते गणिताच्या तासाला पळून जात.’ खाली आणखी एक ओळ होती, ‘आजोबांना गरम दूध आवडतो.’ ती मी तशीच राहू दिली.