द्राक्षाचा मणी कशाने फुगतो?

मार्गशीर्षाच्या सुमारास सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, मिरज, पलूस भागातील द्राक्षबागांतून हिंडले, तर एक काम हमखास चालू दिसते. ज्वारीच्या दाण्याएवढे मणी असलेला एकेक घड भांड्यातल्या पाण्यात बुडवून पुन्हा सोडला जात असतो. याला बागायतदार ‘डिपिंग’ म्हणतात. पाण्यात असते जीए, म्हणजे जिबरेलिक आम्ल. त्याचे प्रमाण साधारण ४० पीपीएम, म्हणजे २५ लिटर पाण्यात अवघा १ ग्रॅम! तेवढ्याने मणी फुगतो, लांबट होतो आणि बाजारात भाव मिळवतो.

इतक्या थोड्या पदार्थाने मण्याचे पोट भरणार नाही, हे उघड आहे. म्हणजे तो अन्न नव्हे, निरोप आहे. अशा निरोप्या पदार्थांना वनस्पतिशास्त्रात संजीवके म्हणतात.

या संजीवकाचा शोध भाताच्या एका रोगातून लागला. जपानमध्ये काही रोपे इतरांपेक्षा भराभर उंच होत आणि लोळून मरत. ही करामत एका बुरशीच्या स्रावाची आहे, हे कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवले. पुढे त्या स्रावातील पदार्थाला जिबरेलिन हे नाव मिळाले. नंतर कळले की निरोगी वनस्पतीही तो स्वतः तयार करतात. फळात त्याचा मोठा पुरवठा कोवळ्या बियांकडून होतो. आता थॉम्पसन सीडलेस किंवा तासगाव तालुक्यातच निवडलेला तास-ए-गणेश हा वाण आठवा. त्यांच्या मण्यात बी धरू लागते, पण वाढ अर्धवट राहून जिरते. निरोप देणारेच नाही, म्हणून मणी लहान राहतो. बियांचे हे काम माणूस भांड्यातल्या पाण्याने करतो.

पण पेशीला निरोप ‘ऐकू’ कसा येतो? पेशीच्या केंद्रकात डेला नावाची प्रथिने असतात. त्यांच्यातल्या एका ठिकाणच्या पाच अमिनो आम्लांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. डेला प्रथिने म्हणजे वाढीला लावलेला लगाम. वाढीची जनुके चालू करणाऱ्या प्रथिनांना ती धरून ठेवतात. जिबरेलिन पेशीत आले की एका ग्राही प्रथिनात जाऊन बसते. हे ग्राही प्रथिन जपानी संशोधकांनी २००५ साली भातात ओळखले. जिबरेलिन बसलेला ग्राही डेलाला पकडतो. मग डेलावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या जातात आणि चिठ्ठी लागलेले प्रथिन पेशीतल्या मोडणी-यंत्रात जाऊन त्याचे तुकडे होतात. लगाम सुटतो, पेशीभित्तिका सैल होते, पाणी आत शिरते आणि पेशी ताणली जाते. म्हणजे जिबरेलिन वाढ घडवत नाही; ते वाढीवरची मनाई उठवते.

लगाम सुटलाच नाही तर काय होईल? याचे उत्तर कृष्णेच्या काठाने वर, सातारा जिल्ह्यात गेल्यावर गव्हाच्या शेतात मिळते. इथला जुना खपली गहू उंच वाढतो आणि जास्त खत-पाणी दिले की लोळतो. १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणले आणि त्यानंतर कल्याणसोनासारखे ठेंगणे वाण देशभर पसरले. त्यांचा बुटकेपणा कशात आहे, हे १९९९ साली उलगडले. त्यांच्या डेला प्रथिनात ग्राहीने पकडायचा तुकडाच नसतो. निरोप येतो, पण लगाम हाती लागत नाही. ताट आखूड राहते, ओंबीचे ओझे पेलते. हरित क्रांतीच्या मुळाशी एका प्रथिनातली ही उणीव होती.

आता पुन्हा द्राक्षाकडे येऊ. २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एका फ्रेंच वाणापासून असाच डेला-बदल असलेला ठेंगू वेल मिळवला. गंमत अशी की जिथे बाळी फुटायची, तिथे त्याला घड लागले! बाळी आणि घड मुळात एकाच अंकुरातून होतात. जिबरेलिनचा निरोप ऐकला तर बाळी, न ऐकला तर घड.

यावरून बागेतल्या वेळापत्रकाचा अर्थ लागतो. एप्रिल छाटणीनंतर नव्या काड्यांच्या डोळ्यांत पुढचे घड घडत असतात. तेव्हा वेल माजू नये म्हणून शेंडा मारतात, पाणी बेताने देतात आणि सीसीसी हे वाढनिरोधक फवारतात. ते वेलीत जिबरेलिन तयार होऊ देत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर, मणी धरल्यावर, तेच संजीवक बाहेरून दिले जाते. एकच निरोप उन्हाळ्यात अडवायचा आणि हिवाळ्यात पोचवायचा!

हा खेळ बेताने खेळावा लागतो. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत सीसीसीचे अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले. माल अडकला आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. रसायन काय करते, हे जाणणे जितके गरजेचे, तितकेच ते कुठवर टिकते हेही.

चिठ्ठी लावून प्रथिन मोडण्याची ही रीत आपल्या पेशींतही आहे. तिच्या शोधाला २००४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशींचे विभाजन रोखणारे पी-५३ हे आपले प्रथिनही एरवी असेच मोडले जाते आणि पेशीला इजा झाली की ते मोडणे थांबते. पुष्कळ कर्करोगांत या लगामाचे जनुकच बिघडलेले आढळते.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. कार्तिकात एका कुंडीत खपली व दुसरीत बुटका गहू पेरा. ओंब्या आल्यावर दोन्हींच्या ताटांची कांडी विद्यार्थ्यांना मोजू द्या आणि प्रत्येक कांड्याची लांबी लिहून ठेवायला सांगा. उंचीतला फरक कांड्यांच्या संख्येमुळे पडतो की लांबीमुळे? उत्तर आपण सांगू नये. पट्टी हातात द्यावी आणि वाट पाहावी.