बारामतीत पहिला, रॉटरडॅममध्ये बेपत्ता

इंदापूर तालुक्यातल्या एखाद्या डाळिंबाच्या पॅकहाउसवर जाऊन वेबसाइटचा विषय काढून बघा. मालक खिशातून मोबाइल काढतो, आपल्याच कंपनीचं नाव टाइप करतो आणि स्क्रीन पुढे धरतो, “बघा, पहिलं आपलंच येतंय!”

येणारच. इंदापुरात बसून, रोज ती वेबसाइट उघडणाऱ्या मोबाइलवर, स्वतःचंच नाव शोधलं तर दुसरं कोण येणार? गूगलचे निकाल शोधणारा माणूस कुठे आहे त्यावर बदलतात. गूगलच्या पत्त्याच्या शेवटी दुबईची किंवा इंग्लंडची अक्षरं टाकून बघण्यातही अर्थ उरलेला नाही. २०१७च्या ऑक्टोबरपासून गूगल पत्त्यातली अक्षरं बाजूला ठेवून तुमच्या ठिकाणाप्रमाणे निकाल देतं. शिवाय रॉटरडॅमचा आयातदार तुमच्या कंपनीचं नाव टाकत नाही, त्याला ते ठाऊकच नसतं. तो टाकतो फळ, देश, फार तर वाण. तिथे आपण दिसतो का, हे बघायला गूगलचं ‘सर्च कन्सोल’ फुकट आहे. त्यातल्या परफॉर्मन्स अहवालात देशवार कळतं, की पान किती वेळा दिसलं, किती जणांनी उघडलं आणि ते सरासरी कितव्या जागी होतं. हा अहवाल एकदा उघडला, की मोबाइल पुढे धरायची हौस बहुधा फिटते.

दुसरी समजूत डोमेनची: ‘डॉट इन घेतलं म्हणजे परदेश संपला, डॉट कॉम घेतलं म्हणजे जग मोकळं.’ यात निम्मं खरं आहे. डॉट इन पाहून गूगल धरून चालतं, की साइट मुख्यतः भारतासाठी आहे. डॉट कॉमवर तसा कुठल्याच देशाचा शिक्का नसतो. पण शिक्का म्हणजे भिंत नव्हे. ‘भारतातला डाळिंब निर्यातदार’ शोधणाऱ्याला भारतातलीच साइट हवी असते, तिथे डॉट इनची अडचण होण्याचं कारण नाही. बारामती एमआयडीसीत सुटे भाग बनवणाऱ्याचं वेगळं. त्याच्या गिऱ्हाइकाला देशाशी घेणं नसतं, तेव्हा डॉट कॉम बरं. सर्च कन्सोलमध्ये पूर्वी लक्ष्य देश निवडायची सोय होती, ती गूगलने २०२२ मध्ये काढून टाकली. ‘देश सेट करून देतो’ असं सांगून आजही कुणी पैसे मागत असेल, तर त्याला आल्या पावली परत पाठवा.

सर्व्हर परदेशात असावा, हाही सल्ला मिळतो. गूगल त्याला निर्णायक मानत नाही. पान पटकन उघडलं म्हणजे झालं.

खरी गंमत भाषेत आहे. ‘इंग्रजी जगभर चालतं’ म्हणताना आपण विसरतो, की इंग्रजीही एक नाही. आपल्या वांग्याला आपण इंग्रजीत ब्रिंजल म्हणतो, लंडनचा माणूस ओबर्जीन म्हणतो, न्यू यॉर्कचा एगप्लँट. पानावर नुसतं ब्रिंजल लिहिलं तर बाकीच्या दोघांशी गाठ पडणं अवघड. डाळिंब जर्मनीत ग्रानाटआप्फेल, अरबीत रुम्मान. म्हणून लगेच दहा भाषांत साइट करा असं मी म्हणणार नाही. डच आयातदार इंग्रजीत सहज व्यवहार करतो आणि दुबईच्या घाऊक बाजारात हिंदीसुद्धा चालून जाते. आधी जुन्या खरेदीदाराला एक फोन लावा आणि विचारा, “माल शोधताना तुम्ही काय टाइप करता?” ते उत्तर कुठल्याही महागड्या कीवर्ड यादीपेक्षा मोलाचं.

‘भाषांतराचं बटण बसवलंय की!’ त्या बटणाने समोरच्या वाचकापुरतं पान बदलतं. त्याचा वेगळा पत्ता तयार होत नसेल तर गूगलच्या यादीत अरबी पान जातच नाही. उलट यंत्राकडून शेकडो पानं भाषांतरित करून न वाचता टाकली, तर २०२४च्या मार्चमध्ये गूगलने कडक केलेल्या स्पॅमच्या नियमांत ती अडकू शकतात. थोडीच पानं, पण जाणकाराने वाचलेली असावीत.

वेगवेगळ्या भाषांची पानं केली, की ‘एचरेफलँग’ नावाची खूण येते. ती लावल्याने क्रमांक वर जात नाही. कुणाला कुठलं पान दाखवायचं, एवढंच ती सांगते. तिच्यात एक हमखास घसरण आहे. ब्रिटनसाठी लोक ‘यूके’ लिहितात, पण देशाचा अधिकृत संकेत ‘जीबी’ आहे. भाषेच्या जागी ‘यूके’ लिहिलं तर त्याचा अर्थ होतो युक्रेनियन!

आणि गूगल म्हणजे सगळं जग नव्हे. भारतीय द्राक्षं रशियातही जातात, तिथे यांडेक्स हे सर्च इंजिन जोरात आहे. चीनमध्ये बायडू, दक्षिण कोरियात नेव्हर.

हजार लिंका विकत घेण्याचा मार्ग तर सोडूनच द्या. तो गूगलच्या नियमांत बसत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलनेच लिहून ठेवलंय.

मग पानावर असावं काय? पुष्कळदा संचालकांचे फोटो मोठे आणि फळाला दोन ओळी. आयातदाराला हवं असतं ते वेगळं: माल कोणत्या महिन्यांत मिळेल, द्राक्षाच्या मण्याचा आकार किती मिलिमीटर, डाळिंब किती ग्रॅमचं, केळीची पेटी किती किलोची, ग्लोबलगॅप प्रमाणपत्र आहे का, रेसिड्यू रिपोर्ट मिळेल का. उजनी धरणाकाठचा केळीवाला ही सगळी माहिती फोनवर एका दमात सांगतो. तीच त्याच्या साइटवर शोधून सापडत नाही.

राहिला ‘महिनाभरात रिझल्ट’ देण्याचा दावा. गूगलच्याच सांगण्याप्रमाणे अशा कामाचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं. इंदापूर तालुक्यातल्या बोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे हिशेबाने चटकन पटेल. फेब्रुवारीत युरोपचे कंटेनर भरायचे असतील, तर पान एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमारास तयार हवं. ऑक्टोबरच्या फळछाटणीला त्याची आठवण झाली, तर तो हंगाम बहुधा हातचा गेला.