गाईच्या पोटात तेलाचे काय होते?

करडईचे तेल कडाक्याच्या थंडीतही पातळ राहते. परंतु करडईची पेंड आणि हिरवा चारा खाणाऱ्या गाईच्या दुधाचे तूप त्याच थंडीत डब्यात घट्ट बसते. खाल्लेले तेल जसेच्या तसे दुधात उतरत असते, तर हे तूपही पातळच राहिले असते. तसे होत नाही, याचा अर्थ असा की, तोंडापासून कासेपर्यंतच्या प्रवासात तेलाचे रूप पालटते. हा पालट कसा होतो हे समजून घेणे प्रत्येक दूध उत्पादकाच्या हिताचे आहे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने गाईच्या दुधाचा किमान भाव जाहीर केला, तो ३.५ टक्के स्निग्धांश व ८.५ टक्के स्निग्धेतर घनपदार्थ असलेल्या दुधासाठी होता. स्निग्धांश त्याखाली गेला की भावही उतरतो. अशा वेळी ‘फॅट लागत नाही’ म्हणून आंबोणात तेल ओतण्याकडे अनेकांचा कल असतो. पण त्याचा परिणाम बहुधा उलटाच होतो.

चाऱ्यातील स्निग्ध पदार्थ

चारा व धान्य यांत स्निग्ध पदार्थ थोडेच असतात. गाईच्या नेहमीच्या आहारातील शुष्क पदार्थांत त्यांचे प्रमाण साधारणतः २ ते ३ टक्के असते. सरकीत मात्र ते सुमारे १८ ते २० टक्के असते. घाणीच्या पेंडीत तेलाचा काही अंश उरतो. रासायनिक द्रावकाने तेल काढलेल्या पेंडीत तो जवळजवळ उरत नाही.

तेल मुख्यतः मेदाम्लांचे बनलेले असते. ज्या मेदाम्लांत हायड्रोजन सामावून घेण्यास जागा शिल्लक असते, त्यांना असंपृक्त मेदाम्ले म्हणतात. ती पातळ असतात. ज्यांत अशी जागा उरलेली नसते, ती संपृक्त मेदाम्ले होत. ती घट्ट असतात. सरकी व करडई यांच्या तेलात लिनोलिक आणि हिरव्या गवतात लिनोलेनिक ही असंपृक्त मेदाम्ले विपुल असतात.

कोठीपोटातील फेरबदल

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात: कोठीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांपैकी कोठीपोट सर्वांत मोठे असून मोठ्या गाईत त्यात शंभर लिटरहून अधिक पदार्थ मावतात. तेथे असंख्य सूक्ष्म जीव वास करतात. गाय खाते ते प्रथम या जीवांच्या वाट्यास येते व नंतर गाईच्या.

तेल कोठीपोटात आले की दोन क्रिया घडतात. पहिल्या क्रियेत सूक्ष्म जीव तेलाचे विघटन करून मेदाम्ले व ग्लिसरॉल वेगळे करतात. ग्लिसरॉल लवकर आंबून जाते. दुसऱ्या क्रियेत मोकळ्या झालेल्या असंपृक्त मेदाम्लांना जिवाणू टप्प्याटप्प्याने हायड्रोजन जोडतात व अखेरीस बहुतेकांचे स्टिअरिक आम्ल या घट्ट, संपृक्त मेदाम्लात रूपांतर होते. वनस्पती तुपाच्या कारखान्यात निकेल धातूच्या साहाय्याने व उष्णता देऊन जे केले जाते, तेच काम हे जिवाणू गाईच्या अंगच्या उबेत करतात. मेंढीच्या कोठीपोटातील पदार्थांत अशी क्रिया घडत असल्याचे रायझर या शास्त्रज्ञाने १९५१ साली दाखवून दिले.

जिवाणू हा खटाटोप करतात तो स्वसंरक्षणासाठी. मोकळी असंपृक्त मेदाम्ले त्यांना, विशेषतः तंतुमय चारा पचविणाऱ्या जिवाणूंना, विषासमान असतात. हायड्रोजन जोडला की त्यांचा उपद्रव कमी होतो. पुढे ही मेदाम्ले लहान आतड्यात शोषली जाऊन रक्तावाटे कासेत पोहोचतात. तेथे स्टिअरिक आम्लाचा काही भाग पुन्हा असंपृक्त होतो. म्हणूनच तूप घट्ट असले तरी मेणासारखे कठीण होत नाही.

दुधातील स्निग्धांश येतो कोठून?

दुधातील स्निग्धांशाचा जवळजवळ निम्मा भाग तेलापासून येतच नाही. कडबा, गवत यांसारखा तंतुमय चारा कोठीपोटात आंबतो, तेव्हा ॲसेटिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. ती रक्तात शोषली जातात व त्यांपासून कास स्वतः नवीन स्निग्धांश घडविते. उरलेला भाग रक्तातून आलेल्या मेदाम्लांचा असतो. म्हणून दुधाला स्निग्धांश देणारी पहिली वस्तू तेल नव्हे, तर वैरण होय.

तेल जास्त झाले म्हणजे

तेल एकदम किंवा जास्त प्रमाणात दिले की जिवाणूंना त्याचा निचरा करता येत नाही. मोकळी मेदाम्ले चाऱ्याच्या तंतूंवर थर धरतात व तंतू पचविणारे जिवाणू मंदावतात. परिणामी चारा नीट पचत नाही, ॲसेटिक आम्ल कमी तयार होते आणि गाय खाणेही कमी करते.

दुसरे नुकसान अधिक सूक्ष्म आहे. गाय जितके रवंथ करते, तितकी लाळ कोठीपोटात जाते व तेथील आंबटपणा मर्यादेत ठेवते. वैरण कमी आणि मक्याचे पीठ किंवा धान्याचा भरडा जास्त झाला, अथवा कुट्टी पिठासारखी बारीक झाली, तर रवंथ घटते, लाळ कमी पडते व आंबटपणा वाढतो. अशा स्थितीत मेदाम्लांचे रूपांतर वेगळ्या वाटेने होऊन एक निराळे मेदाम्ल तयार होते. ते अल्प प्रमाणात कासेत पोहोचले तरी स्निग्धांश घडविण्याचे काम मंदावते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००० साली हे प्रयोगाने सिद्ध केले.

व्यवहारात काय करावे?

१. आंबोणात मोकळे तेल नित्य घालू नये. पोटफुगीवर गोडेतेल पाजणे हा प्रसंगोपात्त औषधोपचार आहे. तो रोजचा आहार नव्हे.

२. एकूण स्निग्धांश शुष्क आहाराच्या ६ टक्क्यांच्या आत ठेवावा. ४०० किलो वजनाची, रोज १० लिटर दूध देणारी गाय सुमारे १२ किलो शुष्क पदार्थ खाते. म्हणजे मर्यादा सुमारे ७०० ग्रॅमची झाली. त्यांपैकी ३०० ग्रॅम नेहमीच्या चारा-आंबोणातूनच मिळतात.

३. सरकी अख्खी दिल्यास तिचे तेल रवंथ होता होता हळूहळू सुटते. म्हणून ती मोकळ्या तेलापेक्षा बरी. अशा गाईस ती दिवसाला दीड किलोपेक्षा अधिक देऊ नये. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असल्याने लहान वासरांना ती देऊ नये.

४. आहारातील शुष्क पदार्थांपैकी निम्म्याच्या आसपास भाग वैरणीचा असावा. हिरव्या चाऱ्याबरोबर कडबा द्यावा व कुट्टी साधारण एक इंच लांबीची ठेवावी.

५. आंबोणातील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत थोडा थोडा करावा.

६. विल्यानंतर जास्त दूध देणाऱ्या गाई खंगतात. त्यांना बाजारात ‘बायपास फॅट’ या नावाने मिळणारे चुनायुक्त मेद पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. ते कोठीपोटात फारसे विरघळत नाही. खऱ्या पोटातील तीव्र आम्लात सुटते व आतड्यात शोषले जाते.

दूध नापास झाले म्हणजे

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे विशेष लक्ष घालावे. स्निग्धांश घटला की दुधात पाणी घातल्याचा संशय शेतकऱ्यावर येतो, तर शेतकऱ्याला संकलन केंद्राच्या मापाचा संशय येतो. दोघांनी प्रथम पावतीवरील दोन्ही आकडे पाहावेत. पाणी मिसळले असता स्निग्धांश व स्निग्धेतर घनपदार्थ दोन्ही घटतात. आहारातील दोषाने मात्र मुख्यतः स्निग्धांशच घटतो. घनपदार्थ जवळजवळ पूर्ववत राहतात व दूधही फारसे आटत नाही. शिवाय धार पूर्ण काढली जाते की नाही, हेही विचारावे. शेवटच्या धारांत स्निग्धांश सर्वांत अधिक असतो आणि त्या वासराला सोडल्या असतील, तर केंद्रावर जाणारे दूध पातळच लागणार.

दोष आहारात आढळल्यास तेल, सरकी व भरडा कमी करून वैरण वाढवावी. सुधारणा दुसऱ्या दिवशी दिसत नाही; कोठीपोटातील जिवाणूंची घडी पुन्हा बसण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. तेवढा काळ शेतकऱ्याने धीर धरावा व रोजचे आकडे वहीत लिहून ठेवावेत. तेलावर पैसे खर्चण्यापूर्वी गव्हाणीतील कडबा पुरेसा आहे का, हे पाहणे केव्हाही अधिक फायद्याचे ठरेल.