ग्लासगोच्या घोषणेपासून दुकानाच्या वीजबिलापर्यंत

नोव्हेंबर २०२१ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे भरलेल्या जागतिक हवामान परिषदेत भारताच्या पंतप्रधानांनी पाच संकल्प जाहीर केले. २०७० पर्यंत निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणणे आणि २०३० पर्यंत खनिज इंधनाखेरीज अन्य स्रोतांची वीजक्षमता ५०० गिगावॅटवर नेणे, हे त्यांतील दोन प्रमुख संकल्प होत. तूर, तेल आणि कापडाच्या भावांत गढलेल्या बाजारपेठेला ही बातमी दूरची वाटणे स्वाभाविक होते. आज मात्र तेच संकल्प वीजबिलात, जीएसटीच्या दरात आणि निर्यातीच्या कागदपत्रांत उतरले आहेत. यातील कोणता निर्णय कोणते शासन घेते, हे व्यापारी कुटुंबाने समजून घेतले नाही, तर भांडवल चुकीच्या जागी अडकण्याचा धोका आहे.

केंद्राचा हात : अनुदान आणि कर

राज्यघटनेने वीज हा विषय समवर्ती सूचीत ठेवला आहे. त्यामुळे चौकट केंद्राची आणि प्रत्यक्ष दर राज्याचा, अशी विभागणी झाली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केली. एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसविण्याचे तिचे उद्दिष्ट असून त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे. पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, असे कमाल ७८,००० रुपये अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थांना उद्वाहन, पाण्याचा पंप, जिन्यातील दिवे अशा सामाईक सोयींसाठी प्रतिकिलोवॅट १८,००० रुपये मिळू शकतात.

हे अनुदान निवासी ग्राहकांसाठीच आहे. दुकान, गोदाम, कारखाना यांना ते लागू नाही. खाली पेढी आणि वर घर अशी जुन्या पेठांतील रचना असेल, तर दोन्ही वीजजोडण्या स्वतंत्र आहेत काय आणि घराची जोडणी निवासी प्रकारात नोंदलेली आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

व्यवसायाला लाभ मिळतो तो करांच्या मार्गाने. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आयकरात सौर संचावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. संच त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी काळ वापरात असेल, तर पहिल्या वर्षी त्याच्या निम्मा. मात्र जे व्यापारी अनुमानित उत्पन्नावर कर भरतात, त्यांना हा घसारा वेगळा मागता येत नाही. छोट्या दुकानदारांच्या हिशेबात ही बाब अनेकदा सुटून जाते.

राज्याचा अधिकार : विजेचा दर

विजेचा दर ठरवतो तो राज्याचा वीज नियामक आयोग. केंद्राने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार दर आकारण्याचे तत्त्व आणले. सौर तासांत दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी असावा आणि सर्वाधिक मागणीच्या वेळी व्यावसायिक व औद्योगिक ग्राहकांसाठी तो किमान २० टक्क्यांनी अधिक असावा, असे त्यात म्हटले आहे. दहा किलोवॅटपेक्षा अधिक मागणी असलेल्या अशा ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ आणि शेती वगळता अन्य सर्वांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत होती. मात्र सौर तास कोणते, हे राज्याचा आयोग ठरवतो.

याचा परिणाम व्यवसायागणिक वेगळा आहे. डाळमिल, पिठाची गिरणी, तेलघाणी, शीतगृह यांना विजेचा जड वापर दिवसाकडे वळवता येतो. त्यांचा यात लाभ आहे. कापड किंवा सराफी दुकानाची गिऱ्हाइकी संध्याकाळची. तेथे वातानुकूलन आणि रोषणाई नेमकी महाग वेळेत चालते आणि सूर्य मावळल्यावर छतावरचा संच काहीच देत नाही. दिवसा तयार झालेली वीज रात्रीच्या वापरातून कितपत वजा होईल, हे आयोगाच्या आदेशावर अवलंबून असते. महाराष्ट्रात मार्च २०२५ मध्ये दरांचा आदेश निघाला, त्याला लगेच स्थगिती मिळाली आणि जूनमध्ये सुधारित आदेश आला. आजचा दर पंचवीस वर्षे टिकेल असे गृहीत धरणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

राज्याची दुसरी योजना शेतकऱ्यांची असली, तरी तिचा संबंध पेठेशीही आहे. ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ अंतर्गत कृषिपंपांना दिवसा सौरवीज देण्याचे काम चालू आहे. शेतीच्या स्वस्त विजेचा भार आजवर उद्योग आणि व्यापाराच्या दरांतून काही अंशी भरून काढला गेला. शेतीसाठी स्वस्त सौरवीज मिळाली, तर हा भार हलका होण्यास वाव आहे.

पालिका आणि ग्रामपंचायत

मुंबई महानगरपालिकेने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि निव्वळ शून्याचे उद्दिष्ट देशाच्या वीस वर्षे आधी, म्हणजे २०५० चे ठेवले. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी हे छोटे गाव २०२४ मध्ये सौरग्राम झाले. कचरा, पाणी, इमारत बांधकाम आणि शहर वाहतूक यांविषयीचे निर्णय बहुधा याच पातळीवर प्रत्यक्षात येतात.

सीमेपलीकडचा कर

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून आयात मालावरील कार्बन-आकारणीचा अंतिम टप्पा सुरू केला. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांचा त्यात समावेश असून स्क्रू-बोल्टही सुटलेले नाहीत. पैसे आयातदाराने भरायचे असले, तरी उत्सर्जनाची माहिती तो भारतातील उत्पादकाकडेच मागणार. विजेचे आणि इंधनाचे बिनचूक हिशेब ठेवणारा पुरवठादार त्याला अधिक सोयीचा ठरेल.

हिशेब कसा मांडावा?

एक नमुना पाहता येईल. तीन किलोवॅटच्या घरगुती संचाचा खर्च १,९०,००० रुपये धरला, तर अनुदान वजा जाता १,१२,००० रुपये उरतात. एक किलोवॅटपासून महिन्याला सुमारे १२० युनिट, म्हणजे तीनपासून सुमारे ३६० युनिट वीज मिळते. त्यातून बिलात महिना २,००० रुपये वाचले, तर वर्षाचे २४,००० होतात आणि रक्कम पाच वर्षांच्या आत वसूल होते. तीन किलोवॅटपर्यंतच्या घरगुती संचासाठी रेपो दरापेक्षा अर्धा टक्का अधिक व्याजाने विनातारण कर्जाचीही सोय योजनेत आहे. दुकानासाठी हाच हिशेब अनुदान शून्य धरून, घसाऱ्याचा लाभ स्वतंत्र लिहून आणि दिवसाच्या वापरापुरतीच बचत मोजून करावा लागतो.

त्यासाठी गेल्या बारा महिन्यांची वीजबिले समोर ठेवावीत. मंजूर भार, ग्राहक प्रकार आणि वेळेनुसार वापर या तीन नोंदी पाहाव्यात. कर सल्लागाराचे मत घेऊन, दर दहा टक्क्यांनी बदलला तरी गुंतवणूक परवडते काय, हे तपासावे. मालाची खरेदी करताना भाव, वजन आणि उधारीची मुदत पाहिल्याशिवाय व्यापारी सौदा पक्का करीत नाही. विजेच्या सौद्यालाही तीच शिस्त लागू आहे.