वर्ग कोणता, ते आदल्या दिवशी सांगा

कॉलेजात समुपदेशक नेमला की मुलांच्या मनाची सोय झाली, असं धरून चालतात. मी पनवेलमध्ये रसायनशास्त्र शिकवते. ऑटिझम असलेल्या मुलांपुरतं माझं म्हणणं असं, की आधी वेळापत्रक सुधारा.

आमचा एक विद्यार्थी पेणहून एसटीनं यायचा. स्टँडवरची गर्दी, हॉर्न, रिक्षावाल्यांच्या हाका. वर्गात शिरेपर्यंतच तो थकलेला असे. त्यात फळ्यावर खडूनं लिहिलेलं, की आजचा तास दुसऱ्याच खोलीत. बाकीची मुलं खिदळत जिना चढायची आणि हा व्हरांड्यात कान झाकून उभा. स्टाफरूमचं निदान ठरलेलं: नाटकं करतो. प्रयोगशाळेत टायट्रेशनची तीन रीडिंग जुळेपर्यंत तो ब्युरेट सोडत नसे, त्यापायी पुढचा प्रयोग राहून जाई.

ऑटिझममध्ये आवाज, उजेड, स्पर्श अनेकांना फार टोचतात. डीएसएम-५ या मानसविकारांच्या निदान-पुस्तिकेच्या २०१३ च्या निकषांत हे स्पष्ट नोंदवलं आहे. त्याहून दमवतं ते दिवसभर इतरांसारखं वागणं. विनोद कळला नाही तरी हसायचं, नजरेला नजर द्यायची. यातून चिंता आणि नैराश्य वाढू शकतं, पण मार्क बरे असले की घरी कुणाला शंका येत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे. केंद्राच्या सूचनांप्रमाणे तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा मिळू शकतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. आमच्या त्या विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, "मॅडम, दिव्यांगाचं कार्ड काढलं तर धाकटीच्या लग्नाला अडचण येईल हो." त्यांची समजूत काढण्यात वर्ष गेलं.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं. चांगलंच आहे. मात्र "कसं वाटतंय?" विचारलं की ऑटिझम असलेली बरीच मुलं गप्प होतात. "कुठला तास नकोसा होतो? काल झोप लागली का?" असं विचारा, किंवा लिहून द्यायला सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, पण फोनवर बोलणंच ज्याला जड जातं त्याच्यासाठी घरच्यांनी लावावा.

आता खोलीबदल आम्ही आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकतो. ग्रंथालयात मागचं एक टेबल शांत ठेवलं आहे. परीक्षेच्या जादा तासाला पर्यवेक्षक म्हणून थांबायला मात्र कुणी तयार होत नाही. यंदा मीच बसते.