प्रमाणपत्र आणि कोयता

कारभार कसा चालतो ते लिहून ठेवावे, आणि लिहिले तसे वागावे, हा व्यवस्थापन-मानकांचा मथितार्थ. १९८७ साली निघालेल्या आय.एस.ओ. ९००१ ने तो जगभर नेला. पुढे ऊस-साखरेसाठीही ‘बोनसुक्रो’ नावाचे मानक आले. त्यात मजुरांच्या हक्कांचीही कलमे आहेत.

पण बीड जिल्ह्यात बसून ती कलमे वाचू लागलो, की माझ्या मनाला शंका चाटून जाते. दिवाळीच्या सुमारास इथली कितीतरी गावे ओस पडतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. त्यांना उचल देतो मुकादम. कारखान्याच्या हजेरीपटावर त्यांचे नाव सहसा नसतेच. एक खाडा झाला की दंड! मग बाईने आजारी पडावे तरी केव्हा? २०१९ च्या सरकारी पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

मानक खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण केवळ दप्तर चाळून परतणाऱ्या तपासनिसाला मुकादमाची वही दिसायची कशी? त्याने आधी उसाच्या फडात जावे, मोळी बांधणाऱ्या बाईला तिचे नाव विचारावे, आणि मग ते हजेरीपटावर शोधावे. सापडले, तर प्रमाणपत्र खुशाल भिंतीवर लावावे!